उकरून पाहिलेला हरभरा

मुकुंदवाडीच्या बाजारात ओल्या हरभऱ्याच्या पेंड्या दिसायला लागल्या की माझा आठवडा बिघडतो. बिघडतो म्हणजे काय, तर मी गरज नसताना पेंडी घेते. भाजीवाली माझ्याकडं आणि पेंडीकडं आळीपाळीनं बघते. यंदा तर म्हणालीच, "ताई, एकट्या जिवाला एवढी? अर्धी बांधू का?" मी म्हटलं, "बांध पूर्ण. पाहुणे यायचेत." कोणी यायचं नव्हतं. पण भर बाजारात ते सांगत बसायची माझी तयारी नव्हती. पेंडी पिशवीत कोंबली आणि घराकडं येताना, कोणी बघत नाही असं पाहून, बोटं चाटली. हरभऱ्याच्या पाल्याची आंबट खार बोटांना लागते ना, ती. या वयात रस्त्यानं बोटं चाटत चालणारी बाई लोकांना कशी दिसते ते मला माहीत आहे. दिसू दे.

घरी आल्यावर वर्तमानपत्र अंथरून घाटे सोलत बसते. सोललेले दाणे वाटीत, टरफलं कागदावर. मागं रेल्वे जाते तेव्हा खिडकीची तावदानं थोडी वाजतात, नाहीतर घरात आवाज माझाच. हे गेल्यापासून मी स्वतःशी मोठ्यानं बोलते. आधी लाज वाटायची, आता वाटत नाही. मुलगा पुण्याला असतो. रविवारी त्याचा व्हिडिओ कॉल येतो, मग नातू दिसतो. पाच वर्षांचा आहे. शाळेत टाय लावून जातो. ग्रहांची नावं ओळीनं सांगतो, रंग इंग्रजीत सांगतो, डोळे मात्र बाजूला उभ्या असलेल्या आईकडं असतात, चुकलं तर नाही ना म्हणून. एकदा मी त्याला विचारलं, "आज शाळेत तू काय विचारलंस?" त्याला प्रश्नच कळला नाही. मी पुन्हा विचारलं तेव्हा मलाच समजावून सांगितलं, "आजी, मिस विचारतात. आम्ही सांगतो." सूनबाई हसली, मुलगा हसला, मीही हसले. फोन ठेवल्यावर बराच वेळ हात मांडीवर ठेवून बसून होते.

जन्म गेला माझा अंगणवाडीत. शेंद्र्याच्या पुढं आमचं गाव. गावाच्या कडेला पत्र्याची एक खोली, समोर लिंबाचं झाड, आणि कमरेएवढी भिंत. भिंतीपलीकडं लगेच शेतं. खोलीत सतरंजी, कोपऱ्यात शिजणाऱ्या खिचडीचा वास, आणि मदतनीस हमीदाबी. ती मला बाई म्हणायची, पोरं ताई म्हणायची, आणि वरून तपासणीला येणाऱ्या मॅडम काय म्हणायच्या ते जाऊ दे. त्यांची माझ्याबद्दल एकच तक्रार असायची, की या अंगणवाडीतली पोरं कविता म्हणून दाखवत नाहीत, उलट पाहुण्यांनाच काहीबाही विचारतात. एका पोरानं त्यांना विचारलं होतं, "मॅडम, तुमच्या पर्समदी काय काय हाय?" मॅडमचा चेहरा असा झाला होता की हमीदाबीला खिचडी बघायचं निमित्त करून आत जावं लागलं.

माझी एक खोड होती. पोरानं काही विचारलं की मी लगेच उत्तर द्यायची नाही. म्हणायची, "तुला काय वाटतं?" हे मला कोणत्या प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं. पहिल्यांदा तर उत्तर येत नव्हतं म्हणूनच म्हणाले असेन. पण मग दिसलं, की उत्तर दिलं की पोर उठून खेळायला जातं, आणि नाही दिलं तर ते तिथंच घुटमळतं, भुवया जवळ आणतं, ओठ चावतं. ते घुटमळणं बघायला मला फार आवडायचं. लहान पोरांना शिकवायचं म्हणजे काय, तर त्या घुटमळण्याला धक्का लागू द्यायचा नाही, एवढंच मला नोकरीच्या शेवटापर्यंत समजलं. बाकी मुलं म्हणजे फुलं वगैरे भाषणात ऐकायला बरं असतं. फुलं नाक शिंकरत नाहीत.

तर तो हिवाळा. आमच्याकडं सुगी उरकली, रानं मोकळी झाली की मेंढरं घेऊन धनगर यायचे. शेतकरी त्यांना आपल्या रानात मेंढ्या बसवायला सांगायचे. रात्रभर मेंढ्या रानात बसल्या की लेंडीमुताचं खत आपसूक पडतं, त्याबदल्यात धान्य द्यायचं, आणि मग वाडा उचलून पुढच्या रानात. हा वाडा म्हणजे घर नव्हे. जाळीचं कुंपण, चार भांडी, घोडं, कोंबड्या, कुत्री, आणि माणसं. त्या वर्षी अंगणवाडीच्या भिंतीला लागून असलेल्या रानात मेंढ्या बसल्या. सकाळी खोली उघडायला जावं तर धुक्यात आधी वास यायचा, ओल्या लोकरीचा, मग घंट्या, मग दिसायचं काहीतरी पांढरं हलताना. माझी सगळी पोरं भिंतीला चिकटलेली. सतरंजीवर कोणी नाही. मग मीही खुर्ची उचलून भिंतीपाशी आणली.

आणि भिंतीवर सखू बसलेली.

पाचेक वर्षांची असेल. तेल न लावलेले केस, अंगात भावाचा सदरा, गळ्यात काळा दोरा. ती आमच्याकडं बघत होती आणि आम्ही मेंढ्यांकडं. मी म्हटलं, "ये की आत." तर म्हणाली, "आत काय हाय?" मी म्हटलं, "तुला काय वाटतं?" तिनं उडी मारली आणि बघायला आली. तेव्हापासून रोज. तिचं नाव माझ्याकडं कुठं लागलेलं नव्हतं, पण हमीदाबी तिची ताटली न सांगता वाढायची. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तिची आई आली. ठकूबाई. उंच, सुकी, कमरेला खोचलेलं लुगडं, हातात काठी. "पोर तरास देती का?" मी म्हटलं, "लई देते." ठकूबाई घाबरली. मी हसले तेव्हा तीही पदरात हसली. "लई इचारती ओ. मेंढरं बी कटाळत्यात तिला."

हंगाम हरभऱ्याचा होता म्हणून मी पोरांकडून भिंतीच्या आतल्या बाजूला हरभरा लावून घेतला. एकेकाला एकेक दाणा, आणि खुणेला ज्याचा त्याचा दगड. सगळ्यांनी दाणा पुरला, पाणी घातलं, आणि विसरून गेले, जसं विसरायला पाहिजे तसं. सखू विसरली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं आपला दाणा उकरून बाहेर काढला, तळहातावर घेऊन पाहिला, परत पुरला. तिसऱ्या दिवशी पुन्हा. हमीदाबी कपाळाला हात लावायची. "बाई, ये छोकरी रोज मिट्टी कुरेदती. कैसा उगेगा वो? टोकते कायकू नैं उसकू?" मी टोकलं नाही. मला तिचा तळहात बघायचा असायचा.

एका सकाळी ती ओरडतच आली, "ताई, शेपूट फुटलं!" दाण्याला बारीक पांढरा मोड आला होता. सगळी पोरं जमली, शेपूट बघून गेली. सखू गेली नाही. तिनं दाणा परत ठेवला, पण उलटा, शेपूट वर करून. का, तर बघू काय करतंय. दुसऱ्या दिवशी उकरलं तर शेपूट वळून पुन्हा खाली निघालेलं. तिनं पुन्हा उलटा केला. पुन्हा ते वळलं. मग ती माझ्याकडं आली, मातीचे हात माझ्या लुगड्याला पुसले आणि विचारलं, "ताई, आत अंधार असतोय. मग त्याला कसं कळतंय, खाली कुठं ते?"

मला उत्तर येत नव्हतं. खरंच नव्हतं येत. सवयीनं म्हटलं, "तुला काय वाटतं?"

ती घुटमळली. लिंबाखाली एक चक्कर मारली. मग येऊन म्हणाली, "खाली त्याची आय असंल. कोकरू जातंय की अंधारात बी, बरोब्बर आयकडंच."  पुढं तिनं एवढंच जोडलं, "उद्या जास्त खोल उकरून बघते, आय हाय का."

तो उद्या आलाच नाही म्हणायचा. सकाळी मी आणि हमीदाबी पोचलो तर भिंत एका ठिकाणी ढासळलेली आणि आमचा हरभरा साफ. जाळी कुठंतरी निसटली असणार आणि पहाटे मेंढ्या आत घुसल्या होत्या. बाकीच्या पोरांचे दाणे चांगले वर आले होते, बोटाएवढी कोवळी रोपं, ती बुडापासून खाल्लेली. पोरांनी जी भोकाडं पसरली! रानमालकही येऊन ओरडायला लागला, आज पोरांचं खाल्लं, उद्या माझी ज्वारी खातील, उचला वाडा. आणि त्या गोंधळात एक पोरगी, रडता रडता, सखूकडं बोट करून म्हणाली, "आमचं तुझ्या मेंढ्यांनी खाल्लं. आन् तुझं तर आधीच मेलंय. तूच मारलंय, उकरून उकरून."

 सखूनं आपले हात पाहिले. दोन्ही बाजूंनी पाहिले. मग पाठीमागं धरले आणि पडलेल्या भिंतीवरून पलीकडं गेली.

दुपारच्या आत वाडा उचलला. घोड्यावर भांडी, त्यावर पाय बांधलेल्या कोंबड्या, त्यांच्यामागं सखू. मी भिंतीपाशी जाऊन हाक मारली, म्हटलं पुढच्या साली ये. ठकूबाईनं हात वर केला. सखूनं मान वळवली नाही. घंट्यांचा आवाज रस्त्याच्या वळणापर्यंत ऐकू आला, मग गावातल्या पिठाच्या गिरणीच्या आवाजात मिसळून गेला.

आणि मग ते उगवलं. काही दिवसांनी हमीदाबीची हाक आली, "बाई, बाहर आके देखो तो!" सखूच्या दगडाशेजारी हिरवं टोक. सगळ्यांचं वर आलं म्हणून खाल्लं गेलं होतं. हिचं उकरून उकरून मागं पडलेलं, मातीतच राहिलं होतं, म्हणून वाचलं. मी तिथंच मातीत बसले. मला रडू आलं, लपवत नाही. आनंदाचं होतं की कसलं, कोण जाणे, पण ते सांगायचं जिला होतं ती तिथं नव्हती. पाच वर्षांचं पोर आमच्या गावाहून एकच गोष्ट शिकून गेलं होतं, की बघितलं की मरतं. हे खोटं आहे एवढं तिला कळायला पाहिजे होतं. एवढंच. पण मेंढरामागं गेलेल्या माणसाला गाठायचं कुठं?

त्या रोपाला मी पाणी घालत राहिले. त्याला जांभळं फूल आलं, घाटे धरले, वाळले. कोणाला तोडू दिले नाहीत. पुढच्या हिवाळ्यात दुसरा वाडा आला. मी विचारलं, तर म्हणाले, ठकूबाईचं खांड, म्हणजे मेंढरांचा कळप, आता पैठणच्या अंगाला असतंय. त्याच्या पुढच्या वर्षीही विचारलं. मग विचारायची सवयच लागली. घंटा ऐकू आली की हातातलं काम टाकून रस्त्यावर जायचं. हे म्हणायचे, "गेली बघा आमची बाई, मेंढरांना हजेरी लावायला."

दुसरं एक झालं, की तो प्रश्न माझ्याकडं राहून गेला. अंधारात कसं कळतं, खाली कुठं ते? मुलाच्या विज्ञानाच्या पुस्तकात पाहिलं, तिथं मूळ जमिनीकडं वाढतं एवढंच लिहिलं होतं. हायस्कूलच्या गुरुजींना विचारलं, ते म्हणाले गुरुत्वाकर्षण, आणि चहा प्यायला लागले. म्हटलं, पण कळतं कसं? ते म्हणाले, ताई, हे अंगणवाडीला नसतं. मला राग आला, पण त्या रागानंच मी शहरात आल्यावर वाचनालयात जायला लागले, चाळिशीचा चष्मा लावून, शाळेच्या पोरांच्या शेजारी बसून. कितीतरी वर्षांनी सापडलं. मुळाच्या टोकाशी बारीक जड कण असतात. दाणा कसाही फिरवा, ते कण तळाला बसतात, माठात गाळ बसतो तसे. ज्या बाजूला ते बसले ती बाजू खाली. वाचलं आणि मी वाचनालयातच मोठ्यानं "अगं बाई!" म्हणाले. सगळ्यांनी वळून पाहिलं. मला वळून कोणाला सांगावं कळेना. घरी येऊन ह्यांना सांगितलं, तेव्हा हे आजारी होते, ऐकलं, म्हणाले, "बरं झालं सापडलं ते." आता तेही नाहीत.

गाव आता ओळखू येत नाही. रानं कंपन्यांना गेली, जिथं मेंढ्या बसायच्या तिथं रुंद रस्ते झाले, दिव्यांचे खांब झाले. अंगणवाडीला नवी इमारत आहे, भिंतीवर कार्टून आहेत, लिंब नाही. त्याबद्दल मला फार काही म्हणायचं नाही. पत्रा उन्हाळ्यात तापायचा, पोरांना आता पंखा आहे. मला आठवतो तो फक्त हिवाळा, आणि हिवाळा काही कोणाच्या मालकीचा नसतो.

यंदा पेंडी सोलून दाणे करून ठेवले आणि एकटीला जाईनात, म्हणून डब्यात घेऊन हमीदाबीकडं गेले. ती आता बिडकीनला लेकीकडं असते. गुडघे गेलेत, जीभ शाबूत आहे. दाणे बघून म्हणाली, "अबी बी वोच?" दोघी हसलो. परत निघाले तर त्या मोठ्या मोकळ्या रस्त्यावर रिक्षा थांबली. समोर मेंढरं. रिक्षावाला वैतागून हॉर्न वाजवत होता आणि मला आधी वास आला.

मी उतरले. कितव्यांदा तरी तोच प्रश्न विचारला, मागून चालणाऱ्या म्हातारीला, "ठकूबाईचं खांड ठाऊक आहे का?" ती थांबली. काठीवर हनुवटी टेकून म्हणाली, "म्याच की ठकूबाई. तुमी कोन?"

मी कोण ते सांगायला मला वेळ लागला.  अंगणवाडी म्हटलं, पडलेली भिंत म्हटलं, तेव्हा तिच्या डोळ्यांत ओळख आली. "व्हय व्हय, खिचडीवाल्या ताई!" सखूचं विचारलं. सखूचं लग्न झालंय, हितंच जवळ, नवऱ्यानं मेंढरं इकली, दोघं बी कंपनीत जात्यात. आणि मग ठकूबाई आपणहूनच म्हणाली, "तुमच्या गावावरनं निघालो ना, तवापसनं लई दिस मातीला हात लावला नाय पोरीनं. चुलीतली राख बी उकरायची नाय. म्हनायची, बघितलं की मरतंय."

इतकी वर्षं ज्याची भीती होती ते असं रस्त्यात उभं राहून ऐकलं. मी म्हटलं, "ठकूबाई, ते मेलं नव्हतं. उगवलं होतं. तिला सांगा."  तिनं लुगड्याच्या ओच्यातून मोबाईल काढला. "तुमीच सांगा. चहाची सुट्टी असंल आता."

पलीकडून बाईचा आवाज आला, मागं यंत्रांची घरघर. "कोन?" मी म्हटलं, "सखू, मी अंगणवाडीतली ताई. तुझा हरभरा उगवला होता."

  मग ती म्हणाली, "म्या तर उकरलं हुतं."

"तरी उगवलं. तुझंच एकटीचं उगवलं. उकरलंस म्हणून मागं राहिलं, म्हणून मेंढ्यांना सापडलं नाही."

"मंग पानी कोन घालायचं त्याला?"

"मी."

 मग एकदम घाईघाईनं, लहानपणी बोलायची तसं, "ताई, माझी पोरगी बी तसलीच हाय. कुंडीत दाणे पुरती आन् उकरती. म्या रोज हात धरते तिचा. काल हाणली बी."

मी म्हटलं, "नको धरूस गं."

ती रडत होती की नाक ओढत होती, कळलं नाही. मला वाटलं हीच वेळ. इतकी वर्षं सांभाळलेलं ते सगळं माझ्या ओठावर आलं, ते कण, तो गाळ, ते तळाशी बसणं. म्हटलं, "सखू, आणि तू विचारलं होतंस ना, अंधारात त्याला खाली कुठं ते कसं कळतं? मला सापडलंय ते. ऐक..."

"थांबा ताई," ती म्हणाली. मागं भोंगा वाजत होता, सुट्टी संपली होती. "सांगू नका. आधी पोरीला इचारते, तिला काय वाटतंय."

फोन ठकूबाईला परत दिला. मेंढरं रस्ता ओलांडून गेली. रिक्षावाल्यानं विचारलं, "बाई, घरचेच होते का?" मी म्हटलं, "हो." घरी आले, दार उघडलं, दिवा लावला. वाटीत थोडे दाणे उरले होते. ते उत्तर अजून माझ्यापाशीच आहे.